धक्क्याआधी हात बगू

"हात बगू."

एवढंच म्हणायचे ते. गाडीवर बसलेले, एक पाय जमिनीला टेकवलेला, मान मागे वळवलेली. धक्का मारायला जो पुढे येईल त्यानं आधी दोन्ही तळवे पुढे करायचे. ते क्षणभर बघायचे, दुकानदार फाटकी नोट बघतो तसे. मग कधी "हं, मारा" म्हणायचे. आणि कधी काहीही न बोलता गाडी स्टँडला लावायचे, लोखंडी चावी खांद्यावर टाकायचे आणि आल्या वाटेनं चढ चढायला लागायचे. धक्का मारायला जमलेली माणसं तिथंच उभी.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. मदत मागतात तीही हुकूम सोडल्यासारखी, आणि लोक ती करतात. मला अशा माणसांचा राग येतो. तेव्हा तर फारच यायचा.

भवानी पेठेच्या मागच्या अंगाला आमच्या तीन गल्ल्या एकीखाली एक अशा उतरत जातात. वर टाकीची गल्ली, मध्ये मारुतीची, सगळ्यात खाली नाल्याकडची. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, त्याची पाळी असते. पाळीच्या दिवशी माणसं कामावर उशिरा जातात, लग्नाला जात नाहीत आणि आजारीही पडत नाहीत. त्या दिवशी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी आत घालायची, आटे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचा आणि एकेका गल्लीला पाणी सोडायचं, हे काम मामांचं. सगळे त्यांना चावीवाले मामा म्हणत. कंत्राटदाराकडे रोजंदारीवर होते. किती वर्षं, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. "टाकीला रंग दिल्ता बगा, त्याच्या आदीपासनं," म्हणायचे. टाकीला रंग कधी दिला होता ते पेठेत कुणालाच आठवत नव्हतं.

गाडी जुनी, शंभर सीसीची. पेट्रोलच्या टाकीवरचं कंपनीचं नाव पुसून गेलेलं. किकचा दांडा होता, पण दाबला की नुसता खाली जायचा. आतल्या दात्यांना त्याची खबरच नसायची. सेल्फचं बटण दाबलं तर काहीच व्हायचं नाही, टक्‌सुद्धा नाही. हॉर्न नाही, दिवा नाही. गर्दीत शिरले की तोंडानंच ओरडायचे, "सरा, सरा, पानी आलंया!" आणि लोक रुग्णवाहिकेला देणार नाहीत इतक्या तातडीनं वाट द्यायचे.

गाडी ते नेहमी उताराकडं तोंड करून लावत. शहरातला उतार न् उतार त्यांना पाठ. सपाट जागेवरच्या हॉटेलातला चहा चांगला असला तरी ते प्यायचे उतारावरच्या टपरीचा, पाणचट. एकदा कुणीतरी त्यांना साखरपुड्याला बोलावलं तर म्हणाले, "कार्यालय सपाटीला हाय की. नवऱ्या मुलाला धक्का माराया लावू व्हय?"

वाहतूक पोलिसानं त्यांना एकदा अडवल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. हॉर्न का नाही, दिवा का नाही, सगळं झालं. पोलीस म्हणाला, "गाडी बंद करा आधी." मामांनी आज्ञाधारकपणे बंद केली. ऐकून घेतलं. शेवटी पोलीस कंटाळून म्हणाला, "जा आता."

"कसा जाऊ?"

"म्हणजे?"

"बंद कुनी करायला लावली? तुमी. मग चालू कोन करनार?"

पोलिसानं इकडंतिकडं बघितलं, टोपी सरळ केली आणि धक्का मारला. गाडी लागली. मामा जाता जाता ओरडले, "ताकद लई हाय सायबात!"

पाळीच्या दिवशी ते वरनं सुरुवात करायचे. टाकीच्या गल्लीला पाणी सोडायचं, ती भरली की गाडी उतारावर सोडायची, सेकंड गिअर, क्लच सोडला की इंजिन सुरू. मग मारुतीची गल्ली, परत तेच. नाल्याकडच्या गल्लीत पोचले की उतार संपला. तिथं जमीन ताटासारखी सपाट. म्हणून तिथं धक्का लागायचा. आणि तो मारायचे शेवटच्या घरांतले लोक. त्यात सगळ्यात पुढं पद्माक्का.

पद्माक्का विड्या वळायच्या. साठीच्या बाई, अंगानं काटक. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, म्हणजे त्यांचा नळ पाइपातला शेवटचा नळ. मामांनी आरोळी दिली की पदर खोचून यायच्या, तळवे दाखवायच्या, धक्का मारायच्या. त्यांच्यासोबत शेजारच्या घरातले दोघंतिघं. हे दर पाळीला.

मी टाकीच्या गल्लीत खोली घेऊन राहायचे. आमच्या समितीची कचेरी म्हणजे तीच खोली. समिती म्हणजे आम्ही पाच जण, एक फलक, एक भोंगा आणि एक जुनी मोटारसायकल. पाण्याच्या प्रश्नावर आम्ही पत्रकं काढायचो. बहुतेक मी लिहायचे. मला तेच येतं.

एकदा आमचीच गाडी बंद पडली. दिवसभर भोंगा गाडीच्या बॅटरीवर जोडून आम्ही पेठेत घोषणा देत हिंडलो होतो आणि संध्याकाळी सेल्फ मेला. मी किक मारून मारून घामाघूम. मामा टपरीवर चहा पीत बघत होते. पेला ठेवून आले.

"लई बोलली जनू गाडी आज."

"बॅटरी उतरली, मामा."

"उतरनारच की. हितं या. चावी चालू? सेकंड टाका. क्लच दाबून धरा. आता मी ढकलतो. गाडीकडं बघू नगा, फुडं बघा. मी म्हनलं की सोडायचा, आन् लागली की लगीच परत धरायचा. लोक सोडत्यात बराबर. परत धराय इसरत्यात, मग गाडी गचकन् बंद."

दोनदा तेच झालं. मी सोडला आणि धरायचा विसरले. तिसऱ्यांदा जमलं. मामा मागं धापा टाकत उभे, आणि मी वळून आभार मानायच्या आत टपरीकडं निघालेसुद्धा.

घरी आल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. मामांनी माझे हात बघितले नाहीत. ते स्वतः ढकलत होते, त्यांना बघायचं कारणच काय, हा विचार मला सुचला नाही. मला एवढंच दिसलं, की वरच्या गल्लीतल्या मुलीचे हात तपासत नाहीत. पद्माक्काचे तपासतात. नाल्याकडच्या गल्लीत कोणकोण राहतं ते पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

मग मी पत्रक लिहिलं.

'पाणी शेवटी, धक्का आधी!' असं त्याचं शीर्षक. आजही ते मला चांगलं वाटतं, ही शरमेची गोष्ट आहे. ज्या गल्लीला पाणी सर्वांत शेवटी मिळतं तिच्याकडूनच गाडी ढकलून घेतली जाते, हा पहिला परिच्छेद. पाळी आलटूनपालटून खालून सुरू करा, हा दुसरा. आणि तिसरा असा होता: 'गाडीला हात लावू देण्याआधी या कष्टकऱ्यांचे तळहात तपासले जातात. का? वरच्या गल्लीतल्या कुणाचे तपासले जातात काय? ज्याने त्याने ओळखावे.' पुढं काही लिहिलं नाही. न लिहिलेलं जास्त वाचलं जातं, हे पत्रकं लिहिणाऱ्याला लवकर कळतं.

वरच्या गल्लीत त्यांना धक्का लागतच नाही, ही साधी गोष्ट. रोज डोळ्यांसमोर होती. मी लिहिताना खिडकीतनं उतार दिसत होता.

पत्रक दारोदार गेलं, मग फोनवर गेलं. फोनवर तिसरा परिच्छेद तेवढा कापून पुढं गेला. दोन दिवसांत पाण्याच्या ऑफिसातनं बोलावणं आलं. तक्रारदार म्हणून मी, आणि टेबलाच्या कडेला उभे मामा. त्यांना खुर्ची नव्हती, ते माझ्या लक्षात आलं आणि मी मनात त्याचाही निषेध करून ठेवला. बसले मात्र मीच होते.

साहेबांनी विचारलं, "हात का बघता लोकांचे?"

"पानी बघतो सायेब."

"हातात पाणी बघता? ज्योतिषी आहात काय?"

खोलीतले सगळे हसले. मामाही थोडे हसले, साहेब विनोद करतात म्हटल्यावर हसायचं असतं तसं. मग पुन्हा म्हणाले, "पानीच बघतो." यापलीकडं त्यांना सांगता आलं नाही. मीही विचारलं नाही. मला ती पळवाट वाटली.

आमची मागणी होती 'चौकशी करा'. पण चौकशी कायम माणसाची होते. रोजंदारीवरच्या माणसाला कंत्राटदाराचा माणूस जिन्यात गाठून सांगतो, "उद्यापासनं नका येऊ." त्यांनाही तसंच सांगितलं. चावी जमा करून घेतली. 'कंत्राटी कामगारांना कायम करा' ही आमच्या समितीची पहिली मागणी होती. फलकावर आहे अजून.

चार दिवसांनी पाळी आली. नवा माणूस आला, नव्या गाडीवरनं. बटण दाबलं की गाडी सुरू. त्यानं घड्याळ लावून व्हॉल्व्ह उघडला, घड्याळ लावून बंद केला आणि गेला. मी पत्रकाचा परिणाम बघायला नाल्याकडच्या गल्लीत गेले होते. पद्माक्का दारात रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या.

"या, या लीडर," त्या म्हणाल्या. "काय लिवली तू ते?"

मी समजवायला लागले. समतेचा प्रश्न, सन्मानाचा प्रश्न.

"आमाला इचारलीस का?" त्या म्हणाल्या. "एक डाव दारात येऊन इचारलीस का, अक्का, मामा हात का बघते?"

मी घागरींशेजारी टेकले.

मग त्यांनी सांगितलं. आधी लोक मामांना फोन करायचे, पाणी आलं की नाही ते सांगायला. पण फोनवर कोण म्हणतो पाणी आलं? फोनवर सगळे कोरडेच. वरच्या घरांतल्या टाक्या भरून वाहत असल्या तरी फोन कोरडा. म्हणून मामांनी फोन ऐकायचं सोडलं आणि धक्क्याला बोलवायला लागले. पाणी आलेलं असलं की माणूस घागर भरता भरता उठून येतो, हात ओले असतात. हात कोरडे दिसले, म्हणजे टोकाला पाणी पोचलंच नाही. मग मामा चढ चढून परत जायचे, मध्ये नळाला मोटार लावून ओढणाऱ्यांचं पाणी थोडं आवळायचे, इकडं आणखी दोन आटे सोडायचे. पाय दुखले तरी जायचे. "ओल्ला हात बघितल्याबिगर मामा कदी गेला नाय," पद्माक्का म्हणाल्या.

"आणि बॅटरी?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

त्यावर त्या हसल्या. रागातच, पण हसल्या. "दिवाळीला आमी समदे मिळून नवी बॅटरी दिली मामाला. पाळीला आला, बटन दाबला, गाडी फुर्र! मामा गेला, आमच्या नळ सूं सूं. कोन बाहेर येते? धक्काच नाय तर कोन येते? फुडच्या पाळीला बघते तर परत, 'अक्का, धक्का!' वायरच काढून ठेवली त्यानं."

मी तशीच खोलीवर गेले. दुसरं पत्रक लिहिलं, 'आमची चूक'. हे फोनवर कुणी पुढं पाठवलं नाही. नाल्याकडच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या, काहींचे अंगठे. ऑफिसात साहेबांनी कागद वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला. "तुमच्याच तक्रारीवर काढलं. आता तुमच्याच तक्रारीवर घेऊ? ऑफिस आहे हो हे." कंत्राटदाराचा माणूस तर म्हणाला, "असल्या माणसाला ठेवलं तर तुम्हीच उद्या भोंगा घेऊन दारात याल." त्याचं बरोबर होतं. आलेही असते.

मामांना भेटायला गेले तर ते घरापुढं गाडीचं साइड कव्हर उघडून बसले होते. आत बॅटरी होती, जवळजवळ नवी. वायरीच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. मला बघून उठले नाहीत, पण बाजूचं पोतं सरकवून जागा केली.

"जोडताय वायर?" मी म्हटलं.

"जोडून काय? वापरात नसली की बॅटरी आपली आपन मरतीया. ही बी मेली आसंल आता."

मी माफी मागितली. पत्रकासारखी मागितली, मुद्दे घालून. त्यांनी ऐकून घेतली. पोलिसाचं ऐकलं होतं तशीच.

"लिवता झ्याक तुमी," ते म्हणाले. "टपरीवाल्यानं वाचून दावलं. मीच म्हनलं, कोन हाय ह्यो नालायक?" मग थोडं थांबून, टेपचं टोक नखानं दाबत म्हणाले, "छापायच्या आदी हात बगायचे की, ताई."

एवढंच. त्यापेक्षा जास्त ते माझ्यावर कधी रागावले नाहीत. मला ते पुरेसं झालं नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दुसरीकडं काम मिळेना. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडं तो कापलेला परिच्छेद त्यांच्या आधी पोचला होता. एका टॉवेलच्या कारखान्यावर रखवालदार हवा होता. मालकानं फोनमध्ये बघून विचारलं, "तुम्हीच का ते?" मामा म्हणाले, "व्हय, मीच." आणि घरी आले. शेवटी बार्शीकडं लेकीच्या गावी जायचं ठरलं.

निघाले तो दिवस पाळीचा होता. मुद्दाम तोच धरला की तसाच आला, मला माहीत नाही. सकाळी नऊच्या ठोक्याला नवा माणूस व्हॉल्व्ह उघडून, बंद करून गेलेला. ऊन तेव्हाच तापलेलं. मामा वरनं उतारानं आले, सगळ्यांना भेटत, आणि नाल्याकडच्या गल्लीत येऊन गाडी बंद केली. मागं वळकटी बांधलेली, हँडलला पिशवी. खरं तर बंद करायचं काही कारण नव्हतं. चालू गाडीवरनं निरोप घेता आला असता.

पद्माक्कांनी भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली होती. ती त्यांनी पिशवीत कोंबली. "अक्का, धक्का," मामा म्हणाले. आम्ही सहा-सात जण मागं उभे राहिलो. मी पण.

मामांनी एक पाय टेकवला, मान वळवली.

"हात बगू."

सगळ्यांनी तळवे पुढं केले. मीही केले. मामांनी पद्माक्कांचे बघितले, मग शेजाऱ्यांचे, मग माझे. सगळे कोरडे. पद्माक्कांच्या तळव्यावर तंबाखूची भुकटी तशीच.

त्यांनी गाडी स्टँडला लावली. डावा हात मागं गेला, सीटच्या कडेला, जिथं सुतळीनं चावी बांधलेली असायची. तिथं सुतळी होती. चावी नव्हती. हात थोडा वेळ तसाच सुतळीवर राहिला. वरच्या गल्लीत कुणाची तरी टाकी भरून वाहत होती, तिचा आवाज खालपर्यंत येत होता.

मग त्यांनी गाडी स्टँडवरनं काढली, सेकंड टाकला, क्लच दाबला.

"मारा."

पहिल्याच धक्क्याला गाडी लागली. सीटच्या काळ्या रेक्झिनवर आमच्या हातांचे ठसेसुद्धा उठले नाहीत.